कोणती स्टेप?

वाचकहो, आजचा लेख एका शब्दाने घातलेल्या घोटाळ्यावरून सुचला. घोटाळा आमच्याच घरातला आहे आणि त्यात मुद्दाम चूक कोणीच केलेली नाही. तसा तो आपल्या घरीही सहज घडू शकेल, म्हणून आपल्यापुढे ठेवतो आहे.

माझे मामा ७६ वर्षांचे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सकाळी तासभर फिरायला जाण्याचा त्यांचा नेम सहसा चुकला नाही. दोन दिवाळ्यांपूर्वी नातीने त्यांना मनगटावर बांधायचे एक घड्याळ आणून दिले. दिवसभरात किती ‘स्टेप्स’ झाल्या, हे ते घड्याळ सांगते. रात्रीची जेवणे आटोपली की नातीचा फोन येई, ‘‘आजोबा, आज किती स्टेप्स?’’ आणि मामा मोठ्या अभिमानाने आकडा सांगत. यंदा त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘‘महिनाभर स्टेप्स टाळा. अगदीच नाइलाज असेल तरच.’’ बाहेर रुग्णांची रांग होती. मामांनी मान डोलावली, घरी आले आणि त्यांनी चालणेच बंद केले.

मामा शिस्तीचे. पथ्य म्हणजे पथ्य. वर्तमानपत्र, चहा, औषध, सारे खुर्चीपाशी येऊ लागले. मामीही ते आपुलकीने देत राहिल्या. रात्री नातीला सांगायचा आकडा आता शक्य तितका लहान असावा, अशी त्यांची खटपट सुरू झाली. तीन आठवड्यांनी गुडघ्याची ठणक थोडी उतरली खरी. पण खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागू लागला, आणि एका पहाटे न्हाणीघराच्या दारात त्यांचा तोल गेला. मामी मागेच होत्या म्हणून निभावले. पुन्हा दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी सारी हकिगत ऐकली आणि ते थक्क झाले. ‘‘अहो, मी जिन्याच्या पायऱ्यांविषयी बोलत होतो. सपाट जमिनीवर चालणे बंद करायला मी कशाला सांगेन?’’

डॉक्टरांच्या मनात ‘स्टेप’ म्हणजे पायरी होती. मामांच्या मनगटावरच्या घड्याळात ‘स्टेप’ म्हणजे पाऊल होते. मराठीत हे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांची गल्लत होण्याचे कारण नाही. इंग्रजीत मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात. तेवढ्यावरही तो थांबत नाही. एखाद्या कामाचा टप्पा म्हणजे स्टेप, एखादा उपाय योजणे म्हणजेही स्टेप; पद सोडणाऱ्याने ‘स्टेप डाउन’ केले म्हणतात आणि मदतीला धावून आलेल्याने ‘स्टेप इन’ केले म्हणतात. सावत्र नात्यांच्या मागेही हाच उच्चार लागतो. उतारवयात आणि आजारपणात यांपैकी बरेचसे अर्थ आपल्या दारी येतात. तेव्हा ते एकेक करून ओळखून घेऊ.

पायरी

डॉक्टरांनी पायऱ्या टाळायला का सांगितले असावे? सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. जिना चढताना तो तिपटीच्या वर जातो आणि उतरताना साडेतीन पटींच्या आसपास पोहोचतो. चढताना दम लागतो, म्हणून चढणे अवघड असे आपण समजतो. गुडघ्याच्या दृष्टीने अवघड काम उतरण्याचे असते, आणि तोल जाण्याचा धोकाही उतरतानाच अधिक.

आपण जिना डोळ्यांनी पाहून चढतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढच्या पायऱ्या तो त्याच अंदाजाने चढत जातो. पाऊल पायरीच्या काठावरून अगदी थोड्या अंतराने वर सरकते. म्हणून एखादी पायरी इतरांहून किंचितच उंच असली तरी माणूस अडखळतो. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात भुयारी रेल्वेच्या एका स्थानकात अशीच एक पायरी होती. २०१२ साली एका चित्रपटकाराने तिथे कॅमेरा लावला. त्यात तरुण, म्हातारे, कडेवर मूल घेतलेले असे एकामागून एक लोक त्याच पायरीवर ठेचकाळताना दिसले. ती ध्वनिचित्रफीत सर्वत्र पाहिली गेली आणि मग तो जिना दुरुस्त झाला. ठेच लागलेल्या प्रत्येकाने मनात स्वतःलाच बोल लावला असेल; चूक पायरीची होती.

आपल्या घराचा जिना एकदा या दृष्टीने पाहावा. सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का? पहिली आणि शेवटची पायरी स्पष्ट दिसते का? पायरीच्या काठावर ठळक रंगाची पट्टी ओढली, जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे दिव्याची कळ बसवली आणि शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचणारा कठडा लावला, तर मोठा धोका टळतो. जुन्या घरातला उंबरठा आणि न्हाणीघराची बुटकी कड यांनाही पायरीच समजावे. एकुलती एक असल्यामुळे ती लक्षात राहत नाही, आणि म्हणूनच अधिक फसवते. दूरचे आणि जवळचे दोन्ही दिसावे म्हणून जो चष्मा आपण लावतो, त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. त्यातून पायाखालची पायरी धूसर दिसते. जिना उतरताना मान थोडी वाकवून वरच्या भागातून पाहावे. नेत्रतज्ज्ञांना विचारून चालण्यासाठी केवळ दूरचा चष्मा वेगळा ठेवता आला, तर उत्तमच.

एक गुडघा दुखत असेल आणि जिना चढणे अटळ असेल, तर एक साधा नियम पाठ करावा. चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही पाय एकाच पायरीवर आले की मगच पुढची पायरी. काठी असल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे न्यावी. ‘पायरी ओळखून वागावे’ हे आपण आजवर दुसऱ्यांना सुनावत आलो. या वयात ते शब्दशः स्वतःसाठी पाळावे.

पाऊल

आता घड्याळातली स्टेप. रोज दहा हजार पावले चालली पाहिजेत, असे आपण सर्वांनी ऐकले आहे. हा आकडा कोठून आला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने झाले आणि जपानमध्ये व्यायामाची हवा निर्माण झाली. पुढच्याच वर्षी तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र विक्रीस आणले. त्याचे नाव होते ‘मान्पो-केई’. ‘मान्’ म्हणजे दहा हजार, ‘पो’ म्हणजे पाऊल आणि ‘केई’ म्हणजे मोजणारे. आकडा गोल होता, लक्षात राहण्याजोगा होता आणि यंत्राच्या नावातच होता. तो जगभर पसरला आणि आज तो जणू वैद्यकीय आज्ञा असल्यासारखा आपल्या मनगटावर येऊन बसला आहे.

वृद्धांसाठी हा आकडा खरोखर आवश्यक आहे का? अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पावले मोजून केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. सुमारे ७,५०० पावलांपर्यंत ते आणखी कमी होत गेले आणि त्यापुढे फारसा फरक दिसला नाही. अशा अभ्यासाची एक मर्यादा असते. आधीच आजारी असलेली व्यक्ती मुळातच कमी चालते, त्यामुळे सारे श्रेय पावलांनाच देता येत नाही. तरीही त्यातून दिलासा मिळतो तो असा, की अगदी कमी चालणाऱ्या माणसाने थोडे अधिक चालणे हेच मोलाचे आहे. दहा हजारांचा आकडा गाठता आला नाही म्हणून खट्टू होऊन खुर्चीत बसून राहणे, यासारखे दुसरे नुकसान नाही.

घड्याळाचेही सारे खरे मानू नये. ते मनगटाच्या हालचालीवरून पावलांचा अंदाज बांधते. आपण हळू चालत असाल, पाय थोडे घासत टाकत असाल किंवा वॉकरला दोन्ही हातांनी धरून चालत असाल, तर हात स्थिर राहतात आणि घड्याळ बरीचशी पावले मोजतच नाही. दिवसभर घरात येरझाऱ्या घालणाऱ्या आजींना संध्याकाळी घड्याळ अवघा तीन-चारशेचा आकडा दाखवते आणि त्या हिरमुसतात. अशा वेळी पावले न मोजता मिनिटे मोजावीत. सकाळी दहा मिनिटे, दुपारी ऊन उतरल्यावर दहा मिनिटे, रात्री जेवणानंतर पाच मिनिटे. चालताना छातीत दुखले, नेहमीपेक्षा अधिक धाप लागली किंवा भोवळ आली, तर मात्र तिथेच थांबावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मामांचे काय झाले, हेही इथेच सांगायला हवे. उतारवयात आठ-दहा दिवस अंथरुणावर पडून राहिले तरी पायांचे स्नायू मोजता येईल इतके झिजतात. मामा अंथरुणावर नव्हते, खुर्चीत होते. पण तीन आठवडे होते. जो गुडघा जपण्यासाठी ते बसून राहिले, त्या गुडघ्याला आधार देणारे मांडीचे स्नायूच त्यामुळे दुबळे झाले. गुडघा दुखतो तेव्हा विश्रांती हवीच, पण विश्रांती म्हणजे पूर्ण थांबणे नव्हे. काय टाळायचे हे विचारताना, काय चालू ठेवायचे हेही विचारावे.

टप्पा

रुग्णालयात हा शब्द आणखी एका वेषात भेटतो. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या नातेवाइकांना एके दिवशी सांगितले जाते, ‘‘उद्या पेशंटला स्टेप-डाउनला हलवू.’’ ‘डाउन’ ऐकताच कित्येकांच्या काळजात धस्स होते. प्रकृती खालावली की काय? वस्तुतः बातमी चांगली असते. अतिदक्षता विभाग आणि साधा वॉर्ड यांच्या मधला हा टप्पा. रुग्णाला आता क्षणाक्षणाच्या देखरेखीची गरज उरलेली नाही, पण थोडी अधिक काळजी अजून हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

औषधांच्या बाबतीतही असेच. दम्याचा त्रास वाढला की उपचार एक पायरी वर नेतात, त्याला ‘स्टेप-अप’ म्हणतात. काही महिने त्रास आटोक्यात राहिला की एक पायरी खाली आणतात, ते ‘स्टेप-डाउन’. खाली आणणे म्हणजे बंद करणे नव्हे. विशेषतः बराच काळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. त्या डॉक्टरांनी आखून दिलेल्या टप्प्यांनीच कमी कराव्या लागतात. ‘डोस स्टेप-डाउन करू’ असे कानी पडले, की कोणत्या तारखेपासून किती गोळी घ्यायची, हे कागदावर लिहून मागावे. लिहून मागण्यात संकोच कसला?

सावत्र

आता थोडी निराळी वाट. इंग्रजीत सावत्र आईला ‘स्टेपमदर’ म्हणतात. एक पायरी दूरची आई, असा अर्थ आपण मनाशी लावतो. तो चुकीचा आहे. या ‘स्टेप’चा पावलाशी किंवा पायरीशी मुळात काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप निराळे होते आणि त्याचा अर्थ होता वियोग, पोरकेपण. आई किंवा वडील गमावलेले मूल ते ‘स्टेप-चाइल्ड’. त्या पोरक्या मुलाला जी आई म्हणून लाभली, ती ‘स्टेपमदर’. काळाच्या ओघात दोन शब्दांचे उच्चार सारखे झाले, एवढेच.

आपल्या ‘सावत्र’ शब्दाच्या शेजारी ‘सवत’ उभी असते आणि त्यामुळे त्याला स्पर्धेचा, दुजाभावाचा वास येतो. इंग्रजी शब्दाने मात्र मुलाचे दुःख आठवणीत ठेवले. उतारवयात आपली शुश्रूषा रक्ताच्या नात्याचेच माणूस करील असे नाही. कुठे पतीच्या पहिल्या पत्नीची मुलगी रात्र रात्र उशाशी बसते, कुठे दिवसभरासाठी ठेवलेली मावशी औषधाच्या वेळा सांभाळते. अशा माणसांना हाक मारताना नात्याची पायरी मोजत बसू नये.

बरोबरीचे पाऊल

शेवटचे चार शब्द जे घरात वडीलधाऱ्यांची काळजी घेतात त्यांच्यासाठी. ‘स्टेप इन’ म्हणजे पुढे होऊन हातभार लावणे आणि ‘स्टेप बॅक’ म्हणजे एक पाऊल मागे राहणे. सेवा करणाऱ्याला दोन्ही यावे लागते, आणि दुसरे अधिक कठीण आहे. आई खुर्चीतून उठू लागली की आपण लगबगीने तिच्या दंडाला धरून ओढतो. त्याने तिला मदत होण्याऐवजी तिचा तोलच ढळतो. आपला हात पुढे करून उभे राहावे आणि ‘‘आई, माझ्या कोपराला धर,’’ असे म्हणावे. धरायचे केव्हा आणि सोडायचे केव्हा, हे मग तिच्या हाती राहते. जी हालचाल ती वेळ घेऊन का होईना स्वतः करू शकते, ती तिला करू द्यावी. आपण वाचवलेली दोन मिनिटे तिच्या पायांतले बळ हळूहळू कमी करत असतात, हे मामांच्या हकिगतीवरून ध्यानी यावे.

चालताना वडील आपल्याशी बोलत असतील आणि उत्तर देण्यासाठी थबकत असतील, तर त्यांना पुढे ओढू नये. चालणे हे तरुणपणी आपोआप होणारे काम असते. उतारवयात त्याला लक्ष द्यावे लागते. बोलायला लागताच जी वृद्ध माणसे चालायची थांबतात, त्यांना पडण्याचा धोका अधिक असतो, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. तेव्हा त्यांनी थांबणे ही एक सूचना समजावी. आपणही थांबावे, गोष्ट पूर्ण ऐकावी आणि मग चालू लागावे. रस्ता ओलांडताना आणि जिन्यावर तर बोलूच नये.

इंग्रजीत ‘इन स्टेप’ म्हणजे पावलाला पाऊल जुळवून चालणे. सैनिक तसे चालतात. पण १८३१ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून ७४ सैनिक एका तालात चालत निघाले आणि पूल हेलकावे खाऊन कोसळला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. तेव्हापासून पुलावर आल्यावर सैनिकांना ताल मोडायला सांगतात. एरवी अंगी बाणवलेली शिस्त तिथे बाजूला ठेवावी लागते, कारण पुलाला काय पेलते, हे आधी पाहायचे असते. घरातही तेच करावे. आपला वेग, आपली घाई, आपले घड्याळ थोडा वेळ बाजूला ठेवावे आणि शेजारी चालणाऱ्याच्या पायांना जे पेलते, त्या चालीने चालावे.

मामा आता बरे आहेत. फिजिओथेरपिस्टने त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव दिला, आधी पाच मिनिटे आणि मग दहा मिनिटे चालायला लावले. तीन आठवड्यांत जे गेले, ते परत यायला तीन महिने लागले. मामी त्यांच्या शेजारून, त्यांच्याच चालीने चालत. परवा तपासणीला गेले असता डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा तोच शब्द निघाला. मामांनी त्यांना मध्येच थांबवले, खिशातून कागद-पेन काढले आणि विचारले, ‘‘डॉक्टर, कोणती स्टेप? पाऊल की पायरी? मराठीत सांगा, लिहून घेतो.’’

वाचकहो, पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा आपणही असेच विचारा. डॉक्टर रागावणार नाहीत. आणि रागावलेच, तरी विचारल्यावाचून उठू नका.